कामदारसाहेबांची जीभ

बदलीच्या जागी रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी माझे वरिष्ठ छत्री आणि कातडी पिशवी घेऊन खोलीच्या दारात उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "मी आता डभोईचा वकील आहे. माझी गाडी चुकली आहे. तुम्ही मला ओळखू नका."

मी ओळखलं नाही. खरं म्हणजे ओळखायला आमची ओळख अजून झालीच कुठे होती! ते आत आले, कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत धप्पकन बसले, घाम पुसला, भिंतीवरच्या घड्याळाकडे रागाने पाहिलं आणि कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "काही चहाबिहा मिळतो का इथे?" आतून चहा आला, बशीभर चिवडा आला. वकीलसाहेबांनी तो चिडचिडत, घड्याळाकडे बघत, दोन वेळा "काय कारभार आहे!" असं म्हणत संपवला. मग उठले, बाहेर गेले, छत्री आणि पिशवी कुठेतरी ठेवून पगडी सारखी करत परत आले, आणि माझ्या समोरच्या टेबलाशी बसून अगदी वेगळ्या, शांत आवाजात म्हणाले, "या. बदलीचा हुकूम दाखवा बघू."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं होतं, शाळाखात्यात तीन वर्षं कारकुनी केलेली होती. वेडा माणूस ओळखण्याइतपत अनुभव आपल्याला आहे असं मला वाटत होतं. संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, "बदली झाली ती वेड्यांच्या इस्पितळात." ते विधान मागे घ्यायला मला फार दिवस लागले नाहीत.

बडोद्याला तेव्हा मुंबईकडची मोठी गाडी एका स्टेशनात यायची आणि डभोई-चांदोदकडे जाणारी दरबारची छोटी गाडी दुसऱ्या स्टेशनातून सुटायची. मधलं अंतर टांग्याने काही फार नव्हतं, पण दोन्ही गाड्यांच्या वेळांचं एकमेकींशी वाकडं होतं. एक आली की दुसरी नुकतीच गेलेली. वरच्या वर्गाच्या उतारूंना त्यामुळे दोन-दोन, तीन-तीन तास ताटकळावं लागे. त्यांच्यासाठी छोट्या स्टेशनात एक खोली केली होती. वेताच्या खुर्च्या, पाय पसरायला बाक, वाळ्याचे पडदे, भिंतीवर श्रीमंत महाराजांची हार घातलेली तसबीर, आणि तिकीट दाखवलं की चहा, पाणी व बशीभर खाणं. हे खाणं दरबारकडून, म्हणजे फुकट.

या खोलीची देखरेख आमच्या कामदारसाहेबांकडे. हुद्दा खरं तर साध्या कारकुनाचाच, पण गुजराती मंडळी अधिकाऱ्याला कामदार म्हणतात, आणि यांच्या चालण्या-बोलण्यात अधिकार पुरेपूर होता, म्हणून ते नाव पडलं. राहायला रावपुऱ्यात. घरी एक विधवा बहीण, बाकी कोणी नाही. "आजोबा फडणिशीत, वडील फडणिशीत, आणि मी चिवड्यात," असं ते स्वतःबद्दल सांगत, आणि त्यात कुठेही खंत नसे.

रोज सकाळी पहिल्या गाडीच्या आधी ते कोणीतरी उतारू होऊन येत. डभोईचे वकील सोमवारी. मग भडोचचे एक कापसाचे दलाल होते, ते तोंडात घास असताना बोलत आणि शेव सांडत. पुण्याचे एक शास्त्रीबुवा होते, त्यांना उजव्या बाजूच्या दोनच दाढा उरल्या होत्या, त्यामुळे चिवड्यातल्या कडक डाळ्यांचा त्यांना अतोनात राग. एकदा तर ते कोणाच्या तरी सासूबाई झाले. वेश वगैरे काही नाही, पण बशी पुढे आल्यावर त्यांनी ज्या नजरेने तिच्याकडे पाहिलं, त्या नजरेने माझ्या सासूबाई माझ्या घरच्या आमटीकडे बघतात. मला हसू आवरेना. सासूबाईंनी मला दरडावलं, "हसताय काय? गाडीची चौकशी करा."

एकदा मी धीर करून विचारलं की हे सोंग कशासाठी. चाखायचाच असेल तर स्वयंपाकघरात जाऊन चिमूटभर तोंडात टाकता येतो.

"चिवडा एकच असतो हो," ते म्हणाले, "पण ज्याची गाडी चुकली त्याला तो वेगळा लागतो आणि ज्याची वेळेवर आहे त्याला वेगळा. मी माझ्या तोंडाने खाल्ला तर मला फक्त माझंच कळेल. आणि मला काय, मी घरून जेवून येतो."

त्यांच्या कोटाच्या खिशात एक चांदीची डबी असे. सगळे समजत तपकिरीची. होती मिठाची. चिवड्याचा पहिला घास खाल्ल्यावर शंका आली, की ते डबी काढून दुसऱ्या घासावर कणाकणाने मीठ टाकून बघत आणि नेमकं किती कमी आहे ते ठरवत. "दोन चिमटी," किंवा "अर्धी चिमूट, पण सारखी पसरलेली नाही." मग डबी खिशात जाई आणि उरलेली बशी ते आहे तशीच, मीठ न घालता संपवत. उतारूजवळ डबी नसते, हे त्याचं कारण.

खोलीत एक शेऱ्यांची वही ठेवलेली होती. उतारूंनी खाण्यापिण्याबद्दल आपलं मत लिहावं अशी कल्पना. तिच्यात इतक्या तक्रारी असत की मी पहिल्या आठवड्यात घाबरलोच. "चहा पाणचट. एक उतारू, भडोच." "शेवेस जुनाट तेलाचा वास. एक उतारू, नवसारी." सर्वांत जळजळीत शेरे पुण्याचे. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की भडोच, नवसारी आणि पुणे तिन्हीकडचे उतारू 'ळ' एकाच वळणाने काढतात, आणि तो 'ळ' मी रोज आमच्या हजेरीपत्रकात बघतो.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि त्या 'ळ'वर बोट ठेवलं. ते ओशाळले वगैरे नाहीत.

"पैसे मोजून खाणारा माणूस भांडतो," ते म्हणाले. "फुकट खाणारा बोलत नाही. त्याला लाज वाटते. खवट शेव गिळतो, बरी आहे म्हणतो, आणि गाडीत बसल्यावर बायकोला सांगतो की बडोद्यात काही अर्थ नाही. त्याच्या वतीने कोणीतरी भांडायला नको?"

"पण मग चांगलं झालं त्या दिवशी काय लिहिता?"

"चांगलं झालं तर उतारू लिहीत नाही. तो गाडीत बसतो."

आणि खरोखरच ज्या दिवशी चिवडा जमून येई, त्या दिवशीचं पान कोरं असे. त्या खोलीत कोऱ्या पानाहून मोठी शाबासकी नव्हती.

आता ज्यांना ही शाबासकी मिळायची किंवा मिळायची नाही, त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे. आमचा स्वयंपाकी पाणीगेटचा एक गुजराती ब्राह्मण होता. बडोद्यात ब्राह्मण स्वयंपाक्याला महाराज म्हणतात. श्रीमंतांनाही महाराजच म्हणतात. सबंध बडोद्याला यात कधी काही अडचण वाटली नाही. महाराज विलायतेला गेले आहेत आणि महाराज भाजी आणायला गेले आहेत, ही दोन्ही वाक्यं एकाच घरात एकाच सकाळी बोलली जात, आणि कोणाचा गोंधळ होत नसे.

कामदारसाहेब त्या खोलीवर आले तेच मुळी या महाराजांमुळे. खोली उघडली तेव्हा हुकूम निघाला होता: 'उतारूंस सकाळी फराळ द्यावा.' लिहिणारा मराठी. त्याच्या मनात चिवडा, शेव, शंकरपाळे. वाचून घेणारा गुजराती. गुजरातीत फराळ म्हणजे उपासाचं. महाराजांनी महिनाभर साबुदाणा, राजगिरा आणि उकडलेलं रताळं वाढलं, आणि बडोद्याहून पुढे जाणारा प्रत्येक उतारू एकादशी करून गेला. चौकशीला कामदारसाहेबांना पाठवलं, तेव्हा महाराज हात जोडून म्हणाले होते, "साहेब, हुकममां फराळ लख्युं छे. फराळमां चेवडो केवी रीते अपाय?" कामदारसाहेबांनी वर लिहून कळवलं की चूक कोणाचीच नाही, शब्दाची आहे, आणि रताळं उत्तम होतं. त्या दिवसापासून दोघे एकत्र होते.

एकत्र म्हणजे भांडत. टेबलावरून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून टेबलावर दिवसभर वाग्युद्ध चाले, एकाचं मराठीत, दुसऱ्याचं गुजरातीत. पाऊस, पंचांग, नातवंडं, काय वाटेल त्यावर. पण चिवड्याबद्दल कामदारसाहेब समोर कधी अक्षर बोलले नाहीत. "मी बोललो तर ते भांडण होतं. उतारूने लिहिलं तर ती तक्रार होते." महाराजांना मराठी कळे पण वाचता येत नसे, म्हणून दुपारी वही वाचून दाखवायचं काम माझं. शेरा ऐकून महाराज कढईवर झारा आपटत. पुण्याच्या उतारूवर तर त्यांनी दात धरला होता. "ए पुणावाळो पाछो आव्यो?" पुन्हा उगवला का तो, असं विचारत, आणि टेबलाशी बसलेला पुणावाळा मान खाली घालून हजेरीपत्रक भरत असे.

बाहेर रावपुऱ्यात कामदारसाहेबांच्या जिभेचा दबदबा होता. मुंज असो, लग्न असो, पंगत बसण्यापूर्वी यजमान त्यांना हाताला धरून मुदपाकात न्यायचा. ते डाव्या हाताची पाचही बोटं पोटाशी धरून उभे राहत, उजव्या तळहातावर मठ्ठ्याचा थेंब घेत, डोळे मिटत. आचारी श्वास रोखून उभे. मग "वाढा" एवढंच म्हणत. त्या "वाढा"शिवाय रावपुऱ्यात पान वाढलं जात नव्हतं म्हटलं तरी चालेल. माणूस गरीब होता, घरात फार काही नव्हतं, दिसायला काडीपहिलवान. जो काही मान होता तो त्या जिभेचा होता, आणि त्यांना तो आवडायचा. पंगतीतून घरी जाताना ते नेहमीपेक्षा ताठ चालत.

मी लागून तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा चिवड्यातलं मीठ बिघडायला लागलं. कधी कमी, कधी अजिबात नाही. महाराजांची साठी केव्हाच उलटली होती. मसाला, फोडणी, कुरकुरीतपणा सगळं पहिल्यासारखं, फक्त मीठ त्यांना कळेनासं झालं. ते चाखत आणि "बराबर छे" म्हणत, आणि त्यांच्या जिभेला ते खरंच बराबर लागत होतं. घरी विधवा मुलगी आणि तिची मुलं. म्हणून हे काम सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कामदारसाहेब दोन-तीन महिने "मीठ कमी" एवढंच लिहीत राहिले. एक दिवस मात्र बशी संपवून पुण्याच्या शास्त्रीबुवांच्या नावाने त्यांनी लिहिलं: 'महाराज आता थकले. पूर्वीचं राहिलं नाही. मीठ किती, पाणी किती, याचं भान सुटलं आहे. वेळीच हाताशी दुसरा माणूस बसवावा हे बरं. एक उतारू, पुणे.'

त्यांच्या मनात महाराजांच्या हाताखाली कोणी मदतनीस मिळावा असं होतं. मी तो शेरा दुपारी वाचून दाखवला नाही. "आज काही नाही," असं सांगितलं. महाराज खूश झाले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या खात्याचे नवे साहेब तपासणीला आले. ते दक्षिणेकडचे. नोकरी बडोद्याची म्हणून मराठी शिकले होते, पण पुस्तकातून. खुर्ची द्यायची झाली तर "उपविष्ट व्हावे" म्हणत. माणूस सालस होता, आणि एक नियम कडक पाळायचा: हाताखालची प्रत्येक वही स्वतः वाचायची. शेऱ्यांची वही वाचता वाचता त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दार लावून घेतलं, भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "महाराजांविषयी असे लिहिणारा हा पुण्याचा उतारू कोण?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

साहेबांनी बोट ठेवून वाचलं. "'महाराज आता थकले.' 'भान सुटलं आहे.' 'दुसरा माणूस बसवावा.' हा राजद्रोह आहे. त्या दिवशीच्या तिकिटांवरून या इसमाचा शोध काढण्यास फौजदारास लिहावे लागेल."

त्या दिवशी पुण्याचं तिकीट असलेला एक खराखुरा म्हातारा उतारू येऊन गेला होता. लेकीकडे डभोईला गेला होता बिचारा. त्याच्या दारात फौजदार उभा राहिलेला मला दिसायला लागला, आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "साहेब, महाराज म्हणजे हे महाराज नव्हेत. ते महाराज!" आणि मी स्वयंपाकघराकडे हात केला.

साहेबांना कळेना. त्यांनी स्वयंपाकघरातल्या माणसाला बोलावून घेतलं. महाराज पंच्याला हात पुसत आले, तसबिरीच्या बरोबर खाली उभे राहिले, आणि "येथील महाराज कोण?" या प्रश्नाला त्यांनी नम्रपणे हात जोडून उत्तर दिलं, "हुं महाराज छुं, साहेब."

हसण्याचा प्रसंग होता, आणि क्षणभर साहेबही हसले. मी हुशारी करून सगळ्यांना वाचवलं असं मला वाटलं. मग साहेबांनी वही पुन्हा उघडली, तोच शेरा नव्या अर्थाने वाचला, मागची दहा-बारा पानं चाळली, सगळीकडे मीठ कमी, मीठ कमी. आणि ते गंभीरपणे म्हणाले, "तर मग हा मनुष्य वृद्ध झाला आहे. उतारूंचे म्हणणे योग्य आहे. यास निरोप द्यावा."

महाराजांना सगळं समजलं. पंचा त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला. हे मी केलं होतं.

कामदारसाहेब उठून उभे राहिले. "साहेब," ते म्हणाले, "या वहीत आजपर्यंत एकाही उतारूने अक्षर लिहिलेलं नाही. सगळे शेरे माझे आहेत."

"आपले? भडोच, नवसारी?"

"तेही मीच."

"एटले," महाराज हळूच म्हणाले, "पुणावाळो तमे?"

"मीच," कामदारसाहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाले. मग साहेबांना त्यांनी फुकट खाणाऱ्या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान समजावून सांगितलं. साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सरळ प्रश्न केला, "ते असो. पण मीठ कमी होते की नव्हते?"

इतकी वर्षं हा माणूस मिठाच्या बाबतीत अर्ध्या चिमटीचं खोटं बोलला नव्हता. त्यांचा हात कोटाच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"मीठ बरोबर होतं, साहेब. माझी जीभ गेली आहे. मला मीठ कळत नाही. वर्षभर झालं, कोणाला सांगायची लाज वाटली."

साहेबांनी त्या दिवसाचा चिवडा मागवला. त्यांना स्वतःला वैद्याने मीठ वर्ज्य केलं होतं, म्हणून बशी माझ्याकडे सरकवली. मी घास घेतला. मीठ निम्मंसुद्धा नव्हतं. कामदारसाहेब माझ्याकडे बघत होते. साहेबांपुढे कोणी माझ्याकडे असं विनवणीने बघेल, आणि तेही कामदारसाहेब, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

साहेबांनी खोटे शेरे लिहिल्याबद्दल काही कारवाई केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. कागदावर एवढंच लिहिलं, 'जिव्हेच्या विकारास्तव कामास अयोग्य,' आणि कामदारसाहेबांना पेन्शनीत काढलं. महाराज राहिले. खोली माझ्याकडे आली.

कागदावरचं ते वाक्य आठवड्याभरात रावपुऱ्यात पोचलं. नंतरच्या लग्नसराईत आमच्याच आळीतल्या एका पंगतीला ते आणि मी शेजारी बसलो होतो. यजमान मुदपाकातून बाहेर आला, त्यांच्याजवळून गेला, आणि पलीकडे बसलेल्या एका वकिलाला हाताला धरून चाखायला घेऊन गेला. कामदारसाहेब आपल्या पानातल्या मिठाकडे बघत राहिले. मठ्ठा आला तो आंबट ढोण होता. ते दोन वाट्या प्यायले आणि म्हणाले, "छान." मला उठून ओरडावंसं वाटत होतं, आणि मी ओरडू शकत नव्हतो, कारण ओरडलो असतो तर पाणीगेटची चूल विझली असती. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कशाचीच वाटली नाही.

महाराजांना मात्र सगळं खरंच वाटलं होतं. पुण्याच्या शेऱ्यांबद्दलचा राग त्यांनी एका दिवसात सोडला. "बिचारा कामदारसाहेब! जीभ गई, हवे माणसमां शुं रह्युं?" असं म्हणून ते हळहळत. आणि आपलं मीठ बराबर असल्याचा निकाल खुद्द साहेबांसमोर लागलेला असल्यामुळे, त्याबद्दल त्यांनी आता कोणाचं ऐकणं शक्य नव्हतं. मग मी एक युक्ती केली. महाराज सकाळी चिवडा उतरवून संध्येला बसत. तेवढ्यात मी स्वयंपाकघरात शिरून परातीत मीठ मिसळून येई. माझ्या हाताला अंदाज नव्हता, पण दोन वर्षांत आला.

दोन वर्षांनी कामदारसाहेबांनी बडोदं सोडायचं ठरवलं. बहिणीला नर्मदेकाठी राहायचं होतं. ती सामान घेऊन आधीच चांदोदला पोचली होती. हे मागाहून आमच्याच छोट्या गाडीने जाणार होते. मी आदल्या दिवशी महाराजांना सांगितलं. ते एकदम तरतरीत झाले. "काले तमारे रसोडामां आववानुं नथी," स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. "काले चेवडो हुं ताजो बनावीश, एमना माटे."

सकाळी मी टांग्यापाशी जाऊन उभा राहिलो. कामदारसाहेब उतरले, तीच छत्री, तीच कातडी पिशवी. अंगाने आणखी वाळले होते. खिशातून तिकीट काढून त्यांनी मला दाखवलं, खरंखुरं, वरच्या वर्गाचं. इतक्या वर्षांत त्या खोलीत तिकीट घेऊन ते प्रथमच येत होते.

"आज कोण?" मी विचारलं. "वकील का शास्त्रीबुवा?"

"आज मीच," ते म्हणाले.

ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. महाराज संध्या बाजूला ठेवून स्वतः बशी घेऊन आले, अजून वाफ येत होती. "कामदारसाहेब" एवढंच म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभे राहिले. दाराखालून त्यांचे पाय दिसत होते.

कामदारसाहेबांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. उजवा हात कोटाच्या खिशाकडे गेला, आत गेला, थोडा वेळ आत राहिला आणि रिकामा बाहेर आला. मग त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. सावकाश, घाई नसल्यासारखे, ते सगळी बशी खात राहिले. तळाशी राहिलेलं डाळं बोटाने टिपून तेही खाल्लं. पाणी प्यायले. मी शेऱ्यांची वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली, टाक दिला. त्यांनी टाक शाईत बुडवला, पानावर धरला, दाराखालच्या पायांकडे पाहिलं. मग टाक पुसून ठेवून दिला आणि वही मिटली.

"गाडी लागली का हो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना डब्यापर्यंत पोचवलं. गाडी हलेपर्यंत ते बहिणीच्या गुडघ्यांबद्दल आणि चांदोदच्या माकडांबद्दल बोलत होते. चिवड्याचं नाव नाही.

परत आलो तर महाराज वही उघडून उभे होते. वाचता येत नव्हतं, पण कोरं पान कोणालाही वाचता येतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जोयुं?" ते मला म्हणाले. "पानुं कोरुं छे! एमनी जीभ पाछी आवी गई!"

मी हो म्हणालो. त्यांना संध्येला बसवलं, स्वयंपाकघरात गेलो, आणि परातीत उरलेल्या चिवड्यातला एक घास तोंडात टाकला.

चिवडा साफ अळणी होता.